बेस गेम स्वस्तात घेतला, आता एक्स्पान्शन जवळपास तेवढ्यालाच. रास्त किंमत ठरवायची तरी कशी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात नोकरीचं दुसरं वर्ष चालू आहे. गेल्या दिवाळीला बोनस मिळाला त्यातून पीसी जोडला आणि सेलमध्ये एक स्ट्रॅटेजी गेम घेतला. नाव मुद्दामच घेत नाहीये, मला त्या एका कंपनीशी भांडायचं नाही, प्रश्न सगळ्यांनाच लागू पडतो. साडेचारशे रुपयांना पडला, जाम खूश होतो. दोन आठवडे रात्री एक-एक वाजेपर्यंत खेळलो. मग जरा नीट शिकावं म्हणून यूट्यूबवर व्हिडिओ लावले तर समोरचा खेळाडू तहाच्या वेळी जो पर्याय निवडतो तो माझ्या स्क्रीनवर दिसेचना. तासभर सेटिंग्ज उचकल्या. शेवटी कळलं की तो पर्याय एका डीएलसीमध्ये, म्हणजे गेमला जोडायच्या वेगळ्या विकतच्या भागात, आहे. घेतला तो पण. मग पुढच्या व्हिडिओत दुसरं काहीतरी, ते दुसऱ्या डीएलसीत. सगळ्यांची बेरीज मारली तेव्हा आकडा सहा हजारांच्या वर गेला, आणि आता नवीन एक्स्पान्शन, म्हणजे मोठा डीएलसी, येतंय ते बेस गेमच्या मूळ किमतीच्या दोन तृतीयांशाला.

आता मला खरंच समजून घ्यायचंय. रूमपार्टनर म्हणतो तासाचा हिशोब लाव, दीडशे तास खेळलास ना, मग रडतोस कशाला. घरी धाकटा भाऊ अकरावीत आहे तो म्हणतो दादा क्रॅक (चोरीची फुकट कॉपी) टाक ना, कोण बघतंय. ते मला करायचं नाहीये, ज्याने मेहनत केली त्याला पैसे मिळाले पाहिजेत असं मनापासून वाटतं. पण मग मी देतोय ते पैसे मेहनतीचे की माझ्या अडचणीचे, हे कळणार कसं?

मी जिथे जेवतो त्या खानावळीत थाळीत दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात येतो. रविवारी श्रीखंड हवं तर वेगळे पैसे, आणि ते मी आनंदाने देतो. पण आमटीतलं मीठ वेगळं विकायला लागले तर? मला गेमच्या बाबतीत श्रीखंड कुठलं आणि मीठ कुठलं तेच ओळखता येत नाहीये. तुम्ही लोक कसं ठरवता?

---

लॅनवाला_दादा

मित्रा, धागा आवडला. उत्तर लांबणार आहे, बस जरा.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत एका सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स टू खेळायचो, वीस रुपये तास, आठ मशीन, त्यातल्या दोन कायम बंद. मूळ गेम १९९९ चा आणि २००० साली द कॉन्करर्स नावाचं एक्स्पान्शन आलं. त्यात पाच नवीन संस्कृती, म्हणजे खेळायला निवडायचे पक्ष, होत्या, अझ्टेक, माया, हूण, स्पॅनिश आणि कोरियन. तेव्हा आमच्याकडे आलेली सीडी अस्सल नव्हती हे कबूल करतो, कोल्हापुरात अस्सल कुठे मिळते हेच कुणाला माहीत नव्हतं. ते चूकच होतं आणि पुढे पगार सुरू झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर तो गेम विकत घेतला.

आता मुद्द्याचं. २०१९ ला याच गेमची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती, आली, वीस डॉलरच्या आत, आणि त्या बेसमध्येच ३५ संस्कृती होत्या. कॉन्करर्सपासून २०१६ च्या राइज ऑफ द राजाजपर्यंत जे काही विकलं गेलं होतं ते सगळं आत, वर चार नवीन. म्हणजे नुसता बेस घेतलेला माणूस जन्मभर खेळला तरी संपणार नाही. मग त्यावर दर थोड्या महिन्यांनी डीएलसी यायला लागले. एप्रिल २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं, ९.९९ डॉलर. आधी अख्ख्या भारताची मिळून एकच 'इंडियन्स' होती, ती बदलून हिंदुस्तानी केली आणि वर बंगाली, द्रविडियन, गुर्जर अशा तीन नवीन. राजेंद्र चोळाची मोहीम आहे त्यात! तंजावरच्या चोळांचं आरमार घेऊन समुद्र ओलांडताना माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत.

तर मी ते घेतलं, माझ्या दोन मित्रांनी नाही घेतलं. आणि तरी आम्ही एकाच सामन्यात खेळतो. मी गुर्जर घेऊन जातो, ते त्यांचे ब्रिटन नाहीतर फ्रँक्स घेऊन येतात, आणि मला हरवूनही जातात. बॅलन्सचे पॅच, म्हणजे संस्कृतींची ताकद समतोल ठेवणाऱ्या दुरुस्त्या, सगळ्यांना फुकट, नवीन संस्कृतीविरुद्ध खेळायला पैसे लागत नाहीत, फक्त ती स्वतः खेळायची तर लागतात. माझ्या लेखी हे तुझं श्रीखंड. मी खाल्लं म्हणून शेजारच्याचं ताट रिकामं झालं नाही.

सगळेच डीएलसी असे जमलेत असं नाही. मे २०२५ मध्ये थ्री किंगडम्स आलं त्यावर जुने खेळाडू बरेच नाराज झाले, कारण मध्ययुगाच्या गेममध्ये तिसऱ्या शतकातली चीनची राज्यं आणून बसवली. मला पण ते पटलं नाही. पण ती तक्रार चवीची झाली, लुबाडल्याची नाही. दोन्हीत फरक आहे.

---

दीड_जीबी_रोज

तासाचा हिशोब एवढा वाईट नाहीये हो. विचर थ्री या गेमच्या दोन एक्स्पान्शनचं बघा. हार्ट्स ऑफ स्टोन २०१५ ला दहा डॉलरला, साधारण दहा तासांचं. ब्लड अँड वाइन २०१६ ला वीस डॉलरला, साधारण वीस तासांचं. हे आकडे स्टुडिओनेच आधी सांगितले होते आणि लोकांनी खेळून बघितल्यावर सगळे म्हणाले त्यापेक्षा जास्तच निघालं. वर सोळा छोटे डीएलसी फुकट वाटले. डॉलरला एक तास, सरळ हिशोब. मल्टिप्लेक्सला अडीच तासांचे तीनशे जातात पॉपकॉर्न सोडून.

---

पिक्सेलताई

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत काम करते, आर्टिस्ट म्हणून, सात वर्षं झाली. स्टुडिओचं नाव सांगत नाही पण जे लिहितेय ते रोज बघून लिहितेय.

कृष्णाकाठ, आधी तुझे पैसे जातात कुठे ते बघ. समजा गेमची किंमत ५९० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे ९० रुपये सरकारला, उरले ५००. त्यातले तीस टक्के स्टोअरचे, म्हणजे १५०. उरले ३५०. प्रकाशक असेल तर आधी त्याने घातलेला खर्च वसूल होतो आणि मग वाटणी. आणि तू सेलमध्ये अर्ध्या किमतीला घेतलास तर हे सगळंच अर्धं कर. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरचा वाटा मोठ्या खपाला कमी होतो, एक कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के, हे २०१८ पासून आहे. एपिक या दुसऱ्या स्टोअरचा २०२५ पर्यंत सरसकट १२ टक्के होता. पण आमच्यासारख्या छोट्यांना एक कोटी डॉलर म्हणजे स्वप्नच, त्यामुळे ज्याला तीस टक्के परवडत नाहीत तोच ते पूर्ण भरतो. याचा मला खरंच राग येतो.

आता एक्स्पान्शन. लोकांना वाटतं इंजिन तयार, चित्रं तयार, मग एवढे पैसे कसले. अर्धं खरं आहे. तयार सांगाडा मिळतो म्हणून तासाला खर्च कमी येतो. पण गिऱ्हाईक किती? ज्यांनी बेस घेतला त्यांच्यातलेच, आणि त्यातलेही सगळे नाहीत, कारण बरेच लोक बेसच अर्ध्यात सोडतात. म्हणजे माल करायचा खर्च थोडा कमी पण बाजार खूपच लहान. म्हणून किंमत तुम्हाला चढी वाटते.

दुसरं, पहिल्याच दिवशी डीएलसी आला की सगळे ओरडतात, गेममधून कापून विकला. कधी कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा काय होतं की आमच्यासारख्या आर्टिस्टचं, लेव्हल बनवणाऱ्यांचं काम रिलीजच्या तीन-चार महिने आधी संपतं, प्रोग्रामर आणि टेस्टिंगवाले मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बग मारत बसलेले. त्या काळात आम्हाला घरी बसवायचं की पुढच्या कामाला लावायचं? ते पुढचं काम म्हणजे डीएलसी. म्हणून फक्त तारखेवरून ठरवू नका.

दीड_जीबी_रोज, तुमच्या तासाच्या हिशोबाला माझा विरोध आहे आणि तो कामातून आलेला आहे. एकदा का गिऱ्हाईक तास मोजतं हे वरच्या लोकांना कळलं की आम्हाला सांगितलं जातं नकाशा मोठा करा, शंभर पिसं गोळा करायला ठेवा, एकच गुहा पाच ठिकाणी फिरवून वापरा. मी स्वतः एकच पडका वाडा नऊ ठिकाणी ठेवलाय, फक्त झाडं बदलून, आणि मला त्याचं वाईट वाटतं. चार तासांची घट्ट विणलेली गोष्ट चाळीस तासांच्या पायपिटीपेक्षा महाग पडते बनवायला. विचरचे ते वीस तास चांगले निघाले कारण त्यातला प्रत्येक तास कुणीतरी बसून लिहिला होता. तो तासांचा गुण नाही, लिहिणाऱ्यांचा आहे.

आणि फुकट देण्याबद्दल. इथलीच नॉडिंग हेड्स ही कंपनी, पुण्याचीच, त्यांचा राजी हा गेम २०२० ला आला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे पुरे पडले नव्हते तरी त्यांनी तो पूर्ण केला. २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती काढली, हिंदी आवाजासकट, आणि ज्यांच्याकडे आधीचा होता त्यांना फुकट दिली. मला त्याचा फार अभिमान वाटला. पण एक विनंती, याला नियम समजू नका. स्टारड्यू व्हॅली हा गेम २०१६ पासून फुकट अपडेट देतोय, २०२४ चा १.६ सुद्धा फुकट, कारण तो मुळात एका माणसाने बनवला आणि प्रचंड खपला. तीस पगार द्यायचे असतील आणि खप मध्यम असेल तर फुकटचा दुसरा अर्थ पुढच्या महिन्यात कुणाची तरी नोकरी जाणं.

---

दीड_जीबी_रोज

ताई, पडक्या वाड्याचं वाचून गप्प झालो. एवढा विचार केला नव्हता. तरी माझ्यासारख्याला बजेट ठरवायला तास उपयोगी पडतात, पण स्टुडिओला नका सांगू म्हणता, ते पटलं.

---

देवगिरी_१४४४

कृष्णाकाठ, तुझा गेम कुठला ते विचारत नाही, पण तुझं दुखणं ओळखीचं आहे. युरोपा युनिव्हर्सालिस फोर या गेमवर माझे हजारो तास गेलेत, त्यामुळे त्यातलं एक उदाहरण खोलात जाऊन सांगतो, कारण मीठ म्हणजे काय ते त्यातून नेमकं कळतं.

गेम २०१३ चा, सुरुवात होते ११ नोव्हेंबर १४४४ ला. २०१५ मध्ये कॉमन सेन्स नावाचा डीएलसी आला, त्यात आपले गुण खर्चून प्रांताचा विकास करायची सोय होती. ठीक आहे, जादाची गोष्ट म्हणून विकली, तोपर्यंत तक्रार नाही. मग २०१६ ला राइट्स ऑफ मॅन या डीएलसीबरोबर जो फुकट पॅच आला, सगळ्यांना लागू होणारा, त्यात इन्स्टिट्यूशन्स आल्या. म्हणजे रेनेसान्स वगैरे गोष्टी युरोपात जन्मतात आणि हळूहळू जगभर पसरतात, आणि तुमच्यापर्यंत पोचल्या नाहीत तर तंत्रज्ञान महाग होत जातं. आता तुम्ही इटलीत खेळताय तर प्रश्नच नाही, दारातच आहे. पण आपण मराठी माणसं खेळणार काय, बहमनी, नाहीतर दख्खनमधलं एखादं छोटं राज्य घेऊन पुढे मराठे उभे करायचे, हेच ना! तिथे रेनेसान्स पोचेपर्यंत दाढी पिकते. त्यावर सगळ्यात चांगला उपाय एकच, एका प्रांताचा भरपूर विकास करून ती इन्स्टिट्यूशन स्वतःच्या जमिनीत उगवायची. आणि तो विकासाचा पर्याय तेव्हा डीएलसीमध्ये बंद होता!

म्हणजे अडचण फुकट पॅचने सगळ्यांना दिली आणि औषध पैशाला ठेवलं. मी मुद्दाम केलं असं म्हणत नाही, दोन वेगवेगळ्या वर्षी घेतलेले दोन निर्णय एकमेकांत अडकले असतील. पण त्याचा मार बसला तो दख्खन, चीन, आफ्रिकेत खेळणाऱ्यांना. युरोपात खेळणाऱ्याला ते मीठ कमी आहे हे कळलंसुद्धा नसेल.

याच गेमचं २०१८ चं धर्मा नावाचं एक्स्पान्शन भारतावर आहे, वीस डॉलर. ते मी पूर्ण किमतीला घेतलं आणि आजही पश्चात्ताप नाही, कारण ते नसतं तरी माझं राज्य अडलं नसतं, होतं म्हणून जास्त रंगलं.

माझी कसोटी त्यातून तयार झाली. डीएलसी विकत न घेता जुना गेम पॅचनंतर आधीसारखाच नीट चालतो का? चालत असेल तर बाकी किंमत तुझ्या आणि त्यांच्या मर्जीची. नसेल तर दहा रुपयेसुद्धा महाग.

ता.क. या गेमला २०२१ पासून महिन्याची वर्गणी पण आहे, सुरुवातीला पाच डॉलरच्या आत होती, सगळे डीएलसी खुले. सुट्टीत महिनाभरच खेळणार असाल तर ते परवडतं. वर्षानुवर्षं खेळणाऱ्याने मात्र सेलमध्ये एक-एक घ्यावा. तुझ्या गेमला असं काही आहे का बघ.

---

पिक्सेलताई

देवगिरी, "अडचण फुकट आणि औषध पैशाला", हे मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. चालेल ना?

---

देवगिरी_१४४४

खुशाल सांगा ताई, बरं वाटेल.

---

अन्वयची_आई

मला तुमच्यातले बरेचसे शब्द कळले नाहीत तरी लिहिते. मुलगा बारा वर्षांचा आहे, मोबाइलवर खेळतो. मागच्या मे महिन्यात त्याने माझ्या यूपीआयवरून तीन दिवसांत अठराशे रुपये घालवले. कंपनीचं नाव घेत नाही. मी विचारलं काय घेतलंस, तर म्हणाला पेट्या घेतल्या. पेटीत काय होतं? बंदुकीचे रंग. मग हवा तो रंग मिळाला का? नाही आई, म्हणून तर परत परत घेतल्या.

तुम्ही सगळे महाग की स्वस्त यावर बोलताय. पण निदान तुम्हाला समोर दिसतंय की या रकमेला ही वस्तू. त्याला काय दिसत होतं? त्या रंगाची किंमत किती हे मी त्या गेममध्ये अर्धा तास शोधलं, कुठेच लिहिलेली नाही. त्यात रुपये सुद्धा नाहीत, आधी रुपयांचे हिरे घ्यायचे, मग हिऱ्यांच्या पेट्या. मी बँकेत नोकरी करते, मलासुद्धा ते रुपयांत लावायला कागद-पेन घ्यावं लागलं. मूल काय लावणार?

---

लॅनवाला_दादा

ताई, तुमचा मुद्दा आमच्या सगळ्यांच्या आधी यायला हवा होता. तुम्ही म्हणता त्या पेट्यांना लूट बॉक्स म्हणतात. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू आला, साठ डॉलरचा पूर्ण किमतीचा गेम, आणि वर प्रगती करायची तर अशा पेट्या. लोक इतके भडकले की रेडिटवर कंपनीच्या उत्तराला साडेसहा लाखांच्या वर नापसंतीची मतं पडली आणि गेम बाजारात यायच्या तोंडावर त्यांना पैशाने पेट्या घेणं बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, बेल्जियमच्या जुगार आयोगाने असल्या विकतच्या पेट्या म्हणजे जुगारच असा निर्वाळा दिला. म्हणजे तुम्हाला कागद-पेन घेऊन जे वाटलं तेच एका देशाच्या आयोगाने म्हटलंय.

फोनमध्ये प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती आजच चालू करा. आणि अन्वयला रागावू नका फार.

---

अन्वयची_आई

धन्यवाद दादा. केलं चालू. रागावून झालंय आधीच, पण नंतर आम्ही दोघांनी बसून त्या अठराशेत काय काय आलं असतं त्याची यादी केली, सायकलचं नवीन सीट आणि दोन पुस्तकं आली असती. तो स्वतःच गप्प झाला.

---

म्युनिकचा_मिरजकर

कृष्णाकाठ, गाववाले! आपण शेजारी. मी सात वर्षं जर्मनीत आहे, त्यामुळे किंमत दोन्हीकडची बघतो.

एक गोष्ट लक्षात घे, तुला मिळते ती रुपयातली किंमत फुकट आपोआप आलेली नाही. स्टीमवर भारतासाठी रुपयात किमती लागायला लागल्या २०१५ च्या शेवटी. त्याआधी डॉलरमध्येच, आणि आंतरराष्ट्रीय कार्ड लागायचं, जे माझ्याकडे कॉलेजात नव्हतं. वॉल्व, म्हणजे स्टीमची मालक कंपनी, प्रत्येक देशासाठी एक सुचवलेली किंमत देते, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी ती यादी बदलली आणि बऱ्याच देशांचे आकडे वर गेले. पण तो सल्लाच असतो, शेवटी ठरवतो प्रकाशक. म्हणून एक गेम भारतात निम्म्याने स्वस्त दिसतो आणि दुसरा सरळ डॉलरला गुणून लावलेला. ज्यांनी सरळ गुणलंय त्यांना माझा प्रश्न आहे की पुण्यातला पगार तुम्ही कशाला गुणलात? रास्त किमतीत घेणाऱ्याची कमाई धरलीच पाहिजे, हे मला इथे राहून जास्त कळतं. माझ्या एका दिवसाच्या पगारात जो गेम येतो त्यासाठी माझ्या मिरजेतल्या भाच्याला चार-पाच दिवस राबावं लागतं.

पण आपलीही एक जबाबदारी आहे. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात किमती फार कमी होत्या, तिकडचं चलन घसरत होतं आणि बाहेरचे लोक खोटा पत्ता लावून तिथून खरेदी करत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने दोन्हीकडचं स्थानिक चलनच काढून टाकलं, सगळं डॉलरमध्ये, आणि तिथल्या खऱ्या मुलांच्या हातातून गेम गेले. मला इथले मित्र विचारतात तुझ्या भारतातल्या अकाउंटवरून घेऊन दे ना. मी नाही म्हणतो, वाईट वाटलं तरी.

आणि वरच्या टोकाचं सांगायचं तर गिऱ्हाईक नाही म्हणू शकतं. मोठ्या गेमचे साठ डॉलरचे सत्तर झाले २०२० मध्ये, तेव्हा कुरकुर करून सगळ्यांनी दिले. २०२५ च्या जूनमध्ये द आउटर वर्ल्ड्स टू या गेमला मायक्रोसॉफ्टने ऐंशी डॉलर लावले, आणि जुलैमध्ये परत सत्तरवर आणले. म्हणजे तो आकडा काही खर्चाच्या वहीतून आलेला नव्हता, आम्ही किती सोसतो ते बघत होते.

---

मोगची_वाट

धावतं उत्तर. दोन तृतीयांशाचं म्हणशील तर एल्डन रिंग ६० डॉलर आणि त्याचं शॅडो ऑफ द अर्डट्री ४०, जून २०२४, बरोब्बर तुझंच प्रमाण. तीन दिवसांत पन्नास लाख प्रती गेल्या. मी घेतलं, माझ्या मते एक रुपया जास्त नाही लावलेला, नवीन अख्खा प्रदेश आहे. पण एक फार महत्त्वाचं, त्यात शिरायला बेस गेममध्ये राडान आणि मोग या दोन मोठ्या शत्रूंना मारावं लागतं, आणि मोग गेमच्या बराच उशिराच्या भागात आहे. माझ्या मित्राने पहिल्याच दिवशी घेतलं आणि महिनाभर नुसतं दारात उभा.

आणि परताव्याचा नियम बघ. स्टीमवर डीएलसी १४ दिवसांच्या आत परत करता येतो, पण तो घेतल्यापासून बेस गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे. म्हणजे दारापर्यंत पोचण्यातच दोन तास संपतात आणि आतलं आवडलं नाही तर पैसे गेले. म्हणून एक्स्पान्शन नेहमी दारात पोचल्यावर घ्यायचं. आधी नाही, किती का सूट असेना.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मला दोन ओळींची उत्तरं येतील असं वाटलेलं, ऑफिसच्या बसमध्ये वाचत आलो आणि माझा स्टॉप मागे गेला.

देवगिरी, तुमची कसोटी घेऊन काल रात्री बसलो. माझ्याकडच्या गेमचे जुने पॅच कधी काय आले ते सगळं वाचलं. तहाचा तो पर्याय निघाला श्रीखंडच, म्हणजे तो नसताना गेम आधी होता तसाच चालतो, मीच व्हिडिओ बघून हपापलो होतो. ही माझी चूक. पण दुसरा जो घेतला तो मात्र मीठ निघाला, कारण त्याच सुमारास फुकट पॅचने बंडाळी वाढवली आणि ती शमवायची सोय डीएलसीत ठेवली. तो मी आधीच घेऊन बसलोय. नवीन एक्स्पान्शन पहिल्या दिवशी घेणार नाही, पॅच आल्यावर बेस कसा चालतोय ते दोन आठवडे बघणार आणि मग ठरवणार.

पिक्सेलताई, तुमचं ते ५९० चं गणित भावाला फोनवर वाचून दाखवलं. क्रॅकचं बोलला नाही परत. म्हणाला म्हणजे साडेतीनशेच मिळतात काय त्यांना. मग विचारत होता पडका वाडा कुठल्या गेममध्ये आहे, मी म्हटलं ते नाही सांगणार त्या.

लॅनवाला दादा, एक विचारायचं होतं. मी एज ऑफ एम्पायर्स टूची डेफिनिटिव्ह घ्यायचा विचार करतोय, मला आणि भावाला एक-एक, आणि डायनॅस्टीज ऑफ इंडिया फक्त माझ्या अकाउंटला. त्याच्याकडे नुसता बेस असेल तरी सांगलीहून माझ्याबरोबर खेळता येईल ना नक्की? त्याचा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही.

---

लॅनवाला_दादा

येईल की, बेधडक घे. पण लॅपटॉप जुना म्हणतोस तर आधी त्याच्यासाठी एकच कॉपी घे, त्याच्याकडे उतरवून चालवून बघ, दोन तासांच्या आत. नाही चालला तर परत कर, मग तुझी घे. ग्राफिक्स कमीत कमीवर ठेव आणि नवीन चित्रांचा जो मोठा पॅक वेगळा फुकट मिळतो तो टाकू नको, त्याने जुनी मशीन दमते.

आणि त्याला सुरुवातीला फ्रँक्स घ्यायला सांग, घोडदळ भक्कम आहे, शेती स्वस्त पडते, नवशिक्याला झेपतं. तू द्रविडियन घेऊन तुझ्या आरमाराचे लाड कर. रविवारी रात्री साडेनऊला आम्ही तिघं असतोच, चौथा आणि पाचवा कधीपासून शोधतोय. यायचं का?

---

कृष्णाकाठ

येतो. भावाची सोमवारी चाचणी आहे, अकराला त्याला सोडा म्हणजे झालं.